किल्ला राखायचा, तो कोणत्या सालचा?

२०१९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सिनेटने राज्याच्या इतिहास संस्थेच्या अनुदानात सुमारे ४० लाख डॉलरची कपात करणारं विधेयक मंजूर केलं. निमित्त होतं एका किल्ल्याच्या पाटीचं. 'हिस्टॉरिक फोर्ट स्नेलिंग' या नावापुढे संस्थेने 'ॲट ब्डोटे' एवढी भर घातली होती. जुनं नाव खोडलं नव्हतं. किल्ला ज्या जागी उभा आहे, त्या जागेचं तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांच्या तोंडचं नाव शेजारी लिहिलं, इतकंच. काही सिनेटरांना तो इतिहास बदलण्याचा प्रकार वाटला आणि अशा कामाला सरकारी पैसा कशाला, असा सवाल झाला. अंतिम अंदाजपत्रकात ती कपात टिकली नाही. पण पाटीवर दोन शब्द वाढले म्हणून संस्थेतल्या माणसांच्या पोटावर पाय आणायची तयारी लोकप्रतिनिधींनी दाखवली. जतन केलेल्या किल्ल्यात नेमकं काय जतन होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकारी पैशाने राखलेला किल्ला फक्त तटाच्या आतल्यांचा असू शकत नाही. तो कोणाच्या जमिनीवर उभा राहिला, कोणाविरुद्ध उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी काय घडलं, हे किल्ल्यातच, ठळक अक्षरात आणि त्या लोकांना विचारून सांगितलं गेलं पाहिजे. ते नसेल तर उरतं ते दगडकाम, आणि त्याला इतिहासस्थळ म्हणायचं कारण नाही.

फोर्ट स्नेलिंग मिसिसिपी आणि मिनेसोटा या दोन नद्यांच्या संगमावर, उंच कड्यावर आहे. मिनिआपोलिसचा विमानतळ अगदी लागून, त्यामुळे मुलांकडे गेलेल्या कितीतरी मराठी आईबापांचा हा किल्ला एका दुपारी सहज बघून होतो. डकोटा परंपरेत हा संगम आपल्या उत्पत्तीच्या जागांपैकी एक आहे. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या काठावर कोणी परक्या पलटणीने तोफा आणून बसवल्या असत्या तर आपल्याला काय वाटलं असतं, याचा विचार केला की पाटीवरच्या त्या दोन शब्दांचं वजन कळतं.

जमीन मिळवली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. १८०५ साली लेफ्टनंट झेबुलॉन पाइक इथे आला आणि त्याने डकोटांशी करार केला. हजर असलेल्या सात प्रमुखांपैकी दोघांनीच त्यावर खूण केली. सुमारे एक लाख एकर जमीन. पाइकच्या स्वतःच्या अंदाजाने तिची किंमत दोन लाख डॉलर होती, पण करारात रकमेची जागा कोरी ठेवली गेली. १८०८ मध्ये अमेरिकी सिनेटने त्या कोऱ्या जागेत २,००० डॉलर भरले. राष्ट्राध्यक्षांनी तो करार रीतसर जाहीर कधी केलाच नाही. किल्ला उभा आहे तो या कागदावर.

बांधकाम १८२० ते १८२५ या काळात कर्नल जोसाया स्नेलिंगच्या हाताखाली झालं. राबले ते पाचव्या पायदळाचे साधे शिपाई. त्यांनीच दगड फोडले, लाकूड तोडलं. त्याआधीच्या पहिल्याच हिवाळ्यात, कच्च्या झोपड्यांत राहताना, त्यांच्यातले कितीतरी स्कर्व्हीने मेले होते. त्यांचे हाल मला कमी लेखायचे नाहीत. घरापासून शेकडो मैल दूर, बर्फात, तुटपुंज्या पगारावर राहणारी ती गरीब घरची पोरं होती, त्यात आयर्लंड-जर्मनीहून आलेलेही होते. किल्ल्यात आजही त्यांच्या वेशातली माणसं भेटतात, बंदुकीत दारू ठासून बार काढून दाखवतात, ढोल-बासरीवर कवायत करतात, आणि मुलं कानावर हात ठेवून खूश होतात. हे सगळं राहावं. शिपायाचा दिवस कसा जायचा हे कळणं हासुद्धा इतिहासच आहे.

पण एक गोष्ट तिथे उभं राहिल्यावर टोचत राहते. या तटावर कधीही हल्ला झाला नाही. गोल बुरूज, षटकोनी बुरूज, बंदुकांच्या जंग्या, सगळं आहे. शत्रूने वेढा दिला असं मात्र एकदाही घडलं नाही. मग किल्ल्याने केलं काय? ब्रिटिश व्यापाऱ्यांना फरच्या धंद्यातून बाहेर ठेवलं, नदीवर पहारा ठेवला, आणि गोऱ्या वसाहतीसाठी वाट मोकळी केली. डकोटांची जमीन गेली ती मुख्यतः करारांच्या कागदांवर. १८५१ च्या दोन करारांत तर दक्षिण मिनेसोटाचा जवळजवळ सगळा पट्टा गेला. मात्र त्या प्रत्येक कागदामागे ही भिंत उभी होती. सीमेवरच्या किल्ल्याचं काम लढाईशिवायही असं होत राहतं, आणि लढाई झाली नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

१९४६ मध्ये सैन्याने हा तळ सोडला. तोवर जुन्या किल्ल्यातल्या मोजक्याच इमारती शिल्लक होत्या. १९५६ च्या सुमारास महामार्गाचा आराखडा आला आणि तो गोल बुरुजापाशीच येऊन भिडत होता. लोकांनी आवाज उठवला, रस्ता बोगद्यातून नेला गेला. १९६० मध्ये किल्ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाला, तसा मान मिळणारा मिनेसोटातला पहिला. मग १९६५ पासून उत्खननात सापडलेल्या पायांवर भिंती पुन्हा चढवल्या. आज पर्यटक ज्याला जुना किल्ला समजून हात लावतात, त्यातला मोठा भाग माझ्या पिढीच्या वयाचा आहे. यात फसवणूक नाही, ते तिथे सांगितलंही जातं. प्रश्न वेगळाच आहे. पुन्हा बांधायचं तर कोणत्या सालचं, हे ठरवावं लागतं. त्यांनी १८२७ निवडलं, म्हणजे किल्ला नुकताच पुरा झालेला, नवा, नीटनेटका.

साल निवडलं की गोष्टही निवडली जाते. १८२७ च्या किल्ल्यात ड्रेड स्कॉट नसतो, कारण त्याला डॉ. जॉन इमर्सन या लष्करी डॉक्टरने गुलाम म्हणून इथे आणलं ते १८३६ मध्ये. १८२७ च्या किल्ल्यात १८६२ चा हिवाळाही नसतो. बांधणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही; पुराव्याच्या दृष्टीने ते साल सोयीचं असेल. परिणाम मात्र असा झाला की बरीच वर्षं लोक इथे येऊन भाकरी भाजणारा शिपाई आणि लोहाराचा भाता बघून परत गेले. त्याच आवारात अमेरिकेच्या इतिहासातल्या दोन मोठ्या जखमा आहेत, हे अनेकांना कळलंही नाही.

स्कॉटचं प्रकरण पाहा. १८२० च्या मिसूरी तडजोडीनुसार या प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती. म्हणजे किल्ल्याचा पाया पडला त्याच वर्षी कायदाही झाला. तरीही अधिकारी गुलाम आणत राहिले. नोकर ठेवण्यासाठी सैन्याकडून भत्ता मिळायचा, आणि गुलामाला पगार द्यावा लागत नव्हता. इंडियन एजंट, म्हणजे मूळ रहिवाशांशी व्यवहार पाहणारा सरकारी अधिकारी, लॉरेन्स टॅलिफेरो याच्याकडे हॅरिएट रॉबिन्सन गुलाम होती. ड्रेड आणि हॅरिएटचं लग्न इथेच लागलं, टॅलिफेरोनेच लावलं. पुढे सेंट लुईसला गेल्यावर १८४६ मध्ये दोघांनी स्वातंत्र्यासाठी दावे लावले. बंदी असलेल्या प्रदेशात आम्ही राहिलो, म्हणून आम्ही मुक्त, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉटच्या विरोधात निकाल दिला. काळा माणूस या देशाचा नागरिक असूच शकत नाही, अशी भूमिका सरन्यायाधीश टॅनी यांनी घेतली. त्या निकालाने देश यादवी युद्धाच्या दिशेने आणखी ढकलला गेला. ते नवरा-बायको जिथे राहत असावेत, अशी एक खोली आता किल्ल्यात दाखवतात. ती पाहायला हवी. कवायतीच्या मैदानापेक्षा मला ती खोली महत्त्वाची वाटते.

आणि १८६२. डकोटांना करारानुसार मिळायची रक्कम त्या उन्हाळ्यात वेळेवर आली नाही, व्यापारी उधारीवर धान्य देईनात, लोक उपाशी होते. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. शेकडो वसाहतवाले मारले गेले, त्यात बायका-मुलंही होती. हेही लपवायचं कारण नाही. काही आठवड्यांत युद्ध संपलं. लष्करी आयोगाने ३९२ जणांवर खटले चालवले, काही खटले पाच-दहा मिनिटांत उरकले, आणि ३०३ जणांना फाशी ठोठावली. लिंकन यांनी यादी कमी केली. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो इथे ३८ जणांना एकाच वेळी फासावर चढवलं. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी.

त्याच वर्षी, फाशीच्या आधी नोव्हेंबरात, साधारण १,६०० ते १,७०० डकोटांना या किल्ल्याकडे चालवत आणलं गेलं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, लढाईत नसलेले. वाटेत हेंडरसन गावात जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. किल्ल्याखालच्या नदीकाठच्या सपाटीवर त्यांना लाकडी कुंपणात ठेवलं. त्या हिवाळ्यातले फोटो आहेत: दाटीने उभे केलेले टिपी, म्हणजे शंकूसारखे तंबू, भोवती फळ्यांचं कुंपण. गोवर आणि इतर रोगांनी किती जण गेले याचे अंदाज १३० पासून ३०० पर्यंत जातात. मे १८६३ मध्ये उरलेल्यांना आगबोटींत भरून क्रो क्रीकला, आजच्या साउथ डकोटात, नेऊन सोडलं. राज्यातून डकोटांच्या हकालपट्टीचा कायदाही त्याच वर्षी झाला.

ती सपाटी आज राज्य उद्यानात आहे. किल्ल्याच्या आवारातून कड्याखाली उतरून जावं लागतं. गाळाची मऊ माती, कॉटनवुडची मोठाली झाडं, डोक्यावरून खाली येणारी विमानं. छावणीचं लहानसं स्मारक आहे आणि त्याच्याजवळ लोकांनी बांधलेल्या रंगीत कापडाच्या छोट्या पुरचुंड्या दिसतात. प्रार्थना करून तंबाखू बांधायची डकोटांची रीत आहे. वरच्या भिंती आणि खालची ही माती मिळून एकच स्थळ आहे. वरच्या भागाला तिकीट, माहितीपत्रक आणि तोफेचा बार, आणि खालच्या भागाला एक पायवाट, ही वाटणी कित्येक वर्षं चालत आली. ती मोडायची सुरुवात म्हणजे पाटीवरचे ते दोन शब्द होते.

याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकून घेतो, कारण त्यात निव्वळ द्वेष नाही. यादवी युद्धात मिनेसोटाची पहिली स्वयंसेवक पलटण इथेच उभी राहिली आणि गेटिसबर्गच्या लढाईत तिने जवळजवळ स्वतःला संपवून फळी धरली. दुसऱ्या महायुद्धात तीन लाखांहून जास्त तरुणांची भरती इथे झाली. बाजूलाच राष्ट्रीय लष्करी दफनभूमी आहे. ज्यांच्या आजोबांनी इथून गणवेश चढवला, त्यांना हा किल्ला म्हणजे अभिमान. 'तुम्ही आमच्या माणसांना खलनायक करताय' अशी त्यांची तक्रार असते. पण ज्या किल्ल्याचा अभिमान आहे, त्याच किल्ल्यात १९४४ ते १९४६ दरम्यान जपानी वंशाचे अमेरिकन शिपाई जपानी भाषा शिकून गुप्तवार्ता विभागात जात होते, आणि त्यातल्या कित्येकांचे आईबाप त्याच वेळी सरकारनेच उभ्या केलेल्या काटेरी तारांच्या छावण्यांत होते. हे सांगितल्याने त्या शिपायांचा मान कमी होतो का? उलट, त्यांनी काय सोसून सेवा केली ते कळतं. शौर्याची गोष्ट खरी असेल तर तिला शेजारी दुसरी खरी गोष्ट चालते.

दुसऱ्या टोकाला डकोटांमधल्या काही कार्यकर्त्यांनी हा किल्ला पाडूनच टाका, अशी मागणी केली आहे. ज्यांच्या पणज्या त्या कुंपणात मेल्या त्यांना ही भिंत बघवत नाही, हे मला समजतं. तरी मी पाडण्याच्या बाजूने नाही. भिंत गेली की खालची सपाटी म्हणजे नदीकाठची एक सुंदर बाग उरेल. वरून पहारा कसा ठेवला जात होता, हे कड्यावर भिंत आहे म्हणूनच दिसतं. मात्र हे सांगायचा अधिकार माझ्यापेक्षा डकोटांचा जास्त आहे, आणि म्हणूनच मांडणी ठरवताना त्यांना केवळ सल्ल्यासाठी बोलावून भागणार नाही. शेवटचा शब्द त्यांचाही असला पाहिजे. २००२ पासून डकोटा लोक १८६२ च्या त्याच सुमारे १५० मैलांच्या वाटेने एक वर्षाआड स्मरणयात्रा काढू लागले. इतिहास संस्थेने पाटी बदलली त्याच्या कितीतरी आधीपासून ते खालच्या सपाटीची आठवण जपत होते. २०२२ मध्ये ३.४५ कोटी डॉलर खर्चून किल्ल्याचं आवार नव्याने मांडलं, जुन्या घोडदळाच्या बराकीत अभ्यागत केंद्र झालं आणि डकोटा, ओजिब्वे, आफ्रिकन अमेरिकन, जपानी अमेरिकन अशा सगळ्यांच्या गोष्टी तिथे आल्या. चांगलं झालं. पण अनुदानाच्या कपातीची तलवार एकदा दाखवून झाली आहे, आणि संस्थेतल्या कोणालाही पुढची पाटी लिहिताना ती आठवणारच.

मी हे मराठीत लिहितोय त्याचं कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. आता पैसा येईल, आराखडे होतील, ठेके निघतील, आणि 'शिवकालीन वैभव परत उभं करा' ही मागणी जोर धरेल. आपले किल्ले आणि फोर्ट स्नेलिंग यांची जातकुळी वेगळी आहे, हे मला कोणी सांगायला नको. स्वराज्याचा किल्ला इथल्याच मातीतल्या लोकांनी परक्या सत्तांविरुद्ध राखला, दुसऱ्याची जमीन गिळायला उभा केला नाही. तुलना तेवढ्यापुरती करायची नाही. पण कोणत्या सालचा किल्ला राखायचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

पन्हाळा घ्या. शिलाहार भोजाचा, मग बहमनी, मग आदिलशाही, मग स्वराज्याचा, मग करवीर राज्याचा. अंबरखाना आणि तीन दरवाजा बघताना किती हातांचं काम एकात एक गुंतलंय ते उघड दिसतं. आणि एक साल असं आहे की ते पन्हाळ्याला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या कानावर पडलेलं असतं: १८४४. इंग्रजांच्या तंत्राने चालणाऱ्या कोल्हापूरच्या कारभाराने गडकऱ्यांच्या इनाम जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायला घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या गड राखायच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी त्या. सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले, भुदरगड उठला, बंड पन्हाळ्यापर्यंत आलं आणि कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी पन्हाळ्यावर कैद झाला. डिसेंबरात इंग्रजी फौजेने गड घेतला. चार दरवाजा पाडला गेला तो त्याच वर्षी. गडकऱ्यांची शिबंदी मोडली. किल्ल्यावर शतकानुशतकं पहारा देणारी माणसं एका हुकमाने बेकार झाली.

पुरंदरच्या परिसरात हेच आधी झालं होतं. रामोशांकडे गडाच्या पहाऱ्याचं वंशपरंपरागत काम होतं, ते गेलं. त्यातून उमाजी नाईक उभे राहिले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. महार, रामोशी, बेरड, कोळी हे सगळे गडाच्या घेऱ्यात, मेटांवर म्हणजे गडाखालच्या पहाऱ्याच्या वस्त्यांवर, दरवाजांवर होते. नंतरच्या इंग्रजी राजवटीत, अख्ख्या जमातीलाच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का कोणाकोणाच्या कपाळी बसला, हे त्यांच्या वंशजांना पाठ आहे. पुस्तकांत ते आहेच. गडाच्या वाटेवर ते किती दिसतं?

साल १६७४ एवढंच धरलं, तर रायगडावरची मे १८१८ ची आग, इंग्रजांच्या तोफा, जळालेले वाडे हे सगळं 'नुकसान' म्हणून झाडून काढलं जाईल आणि त्या जागी नवं लाकूड, नवे घडीव दगड येतील. जळालेला चौथराही पुरावा आहे. लोहगडावरची नाना फडणवीसांची बाव पेशवाईतली म्हणून ती कमी ठरते का? पन्हाळ्याचा तीन दरवाजा आदिलशाही म्हणून झाकायचा का? महाराजांनी स्वतः जिंकलेले गड डागडुजी करून वापरले, आधीच्यांचं काम उकरून टाकत बसले नाहीत.

एक आक्षेप हमखास येतो: गडावर चढून येणारा माणूस प्रेरणा घ्यायला येतो, त्याला तुम्ही जमिनीचे दावे आणि गुन्हेगार जमाती काय सांगता? मला वाटतं हा त्या माणसाचा अपमान आहे. उन्हात तीन तास चढून आलेल्या पोराला हिरकणीची गोष्ट कळते, तशी गडकऱ्याच्या पोटाची गोष्टही कळेल. बऱ्याच वेळा ती त्याच्या स्वतःच्या घरातली गोष्ट असेल.

म्हणून बारा गडांचे आराखडे कागदावरून ठेक्यात जायच्या आधी काही गोष्टी ठरायला हव्यात. प्रत्येक गडाची मांडणी एका सालाला बांधू नये. बांधकामाचा कोणता थर कोणत्या काळातला, हे दगडापाशीच लिहावं. पायथ्याच्या वाड्या-मेटांवर आजही राहणाऱ्या घराण्यांकडे सनदा, कागद, आठवणी आहेत. त्या नोंदवणं हे खर्चाच्या पहिल्या रकमेत धरावं, उरलेल्या पैशात नव्हे. फलकाचा मजकूर ठरवणाऱ्या समितीत त्या गावांची माणसं मतासह असावीत. फलकावरचा मजकूर कोणाला न पटल्यास वाद पुराव्याने व्हावा, अनुदान रोखून किंवा फलक उखडून नव्हे. आणि पन्हाळ्यावर जिथे चार दरवाजा होता, तिथे १८४४ हे साल आणि गडकऱ्यांच्या जमिनींचं काय झालं हे मराठीत, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लागावं. हे काम पन्हाळ्यावर येत्या वर्षात करता येण्यासारखं आहे, आणि त्यासाठी एकही भिंत नव्याने बांधावी लागत नाही.